गाडीची सोंड आणि स्पितीचे नाले

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, प्रवासाचं लिहायला बसली आणि हे नळीबिळीचं काय काढलं! पण काय करू, आमच्या स्पितीच्या प्रवासाची सुरुवात मुळी त्या नळीपासूनच झाली. खरं सांगायचं तर नळीवरून झालेल्या भांडणापासून झाली.

आमच्याकडे थार गाडी आहे. ती तयार होते आमच्याच नाशकात, त्यामुळे ह्यांना तिचं भारी कौतुक. घरच्या लेकीचं करावं तसं. २०२२ च्या जुलैत मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून काझाला जायचं ठरलं आणि ह्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, "गाडीला स्नॉर्केल बसवायचं." म्हणजे काय, तर बॉनेटच्या कडेने निघून पुढच्या काचेच्या बाजूने थेट टपापर्यंत जाणारी जाड काळी नळी. शेजारच्या काकूंनी चित्र पाहिलं नि म्हणाल्या, "अगंबाई, गाडीला सोंड!" तेव्हापासून आमच्या घरात ती सोंडच झाली.

भाव ऐकला आणि माझा घास हातातच राहिला. साध्यातली नऊ हजारांना आणि चांगली बावीस हजारांना, बसवायची मजुरी वेगळी. बावीस हजारांत घरातल्या किती गोष्टी येतात याची यादी मी तिथल्या तिथे म्हणून दाखवली. हे म्हणाले, "वाटेत नाले लागतात. पाण्यात गाडी बंद पडली तर काय करशील?" मी म्हटलं, "आधी मला नीट समजावून सांगा, ही सोंड करते तरी काय. मग पैशांचं बघू."

तर ऐका, मला जे समजलं ते. इंजिनाला डिझेल लागतं हे आपल्याला ठाऊक असतं, पण त्याहून कितीतरी जास्त लागते ती हवा. आमच्या गाडीचं इंजिन २.२ लिटरचं. मिनिटाला दोन हजार फेरे घेत असलं तर ते मिनिटाला दोन हजार लिटरच्या वर हवा ओढतं. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या भरतील एवढी, तीही दर मिनिटाला! टर्बो असल्यामुळे प्रत्यक्षात आणखी जास्तच. ही हवा घ्यायचं मूळ तोंड असतं बॉनेटखाली. खोल पाण्यात गाडी घातली की ते तोंड हवेऐवजी पाणी ओढतं, आणि घोटाळा होतो तो इथे. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. दट्ट्या वर येतो, मध्ये पाणी असतं, त्याला जागा मिळत नाही आणि मग आतला लोखंडी दांडा वाकतो. किती पाणी पुरतं म्हणाल? एका नळकांड्यात जेमतेम ३५ मिलिलिटर. मुलांच्या खोकल्याच्या औषधाची तीन-चार टोपणं! तेवढ्याने लाखाच्या घरातलं काम निघू शकतं. आणि पाणी शिरून इंजिन बिघडलं तर साध्या विम्यात त्याचे पैसे मिळत नाहीत, इंजिनाचं वेगळं कलम जास्तीचे पैसे भरून घ्यावं लागतं. हे कळल्यावर मात्र माझा विरोध पन्नास टक्के मावळला.

मग आम्ही दुकानं पालथी घातली. साड्या घ्यायला गेल्यावर हे दारात उभे राहून घड्याळ पाहतात. इथे मी आत आणि हेही आत! पहिल्या दुकानदाराने सोंड बाजूलाच ठेवली आणि एक शंकूच्या आकाराचा लाल उघडा फिल्टर दाखवला. "भाभीजी, मूळ पेटी काढून हा टाका, ताकद वाढेल." मी विचारलं, हा हवा कुठून घेणार? म्हणे बॉनेटखालूनच. म्हणजे इंजिनाची तापलेली हवा! तापलेली हवा विरळ असते, तिच्यात प्राणवायू कमी, मग ताकद वाढेल कशी? शिवाय जाळी जितकी मोकळी तितकी बारीक धूळ आत. रव्याच्या चाळणीने मैदा चाळून कसं चालेल? मूळचा कागदी फिल्टर आणि त्याची बंद पेटी ठेवायची, फक्त तिच्यात येणारी हवा वरून आणायची, एवढं माझ्या मनाने घेतलं. हेही मुकाट्याने मान्य झाले, नवलच!

नऊ हजारांची सोंड फायबरची होती. दिसायला झकास, पण दोन तुकडे जोडलेले, आणि जोडाला बोट लावलं तर कडेचा कपचा निघाला. बावीस हजारांची होती चिवट प्लॅस्टिकची, पाण्याच्या काळ्या टाकीसारखी, एकसंध ओतलेली. वाकवली तरी तडकली नाही. तिच्याबरोबर मडगार्डला भोक कुठे पाडायचं त्याचा कागदी नमुनाही होता. शिवणाऱ्या बाईला बेतलेला कागद दिसला की धीर येतो, तसं झालं मला! वरच्या तोंडाचे पुन्हा दोन प्रकार. एक पुढे तोंड करून बसणारं, त्यातलं पावसाचं पाणी बाजूच्या फटींतून गळून जातं. दुसरं गोल, भोवऱ्यासारखं. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर छत्रीसारखं असतं ना, त्यातलंच. ते हवा गरागरा फिरवून जड धूळ बाहेर फेकतं. शेतात, कापणीच्या धुरळ्यात दिवसभर राबणाऱ्या यंत्राला ते फार चांगलं. आम्हाला साधं पुढे तोंड असलेलं पुरेसं होतं. सोंडेने ताकद वाढते असंही कुणी कुणी सांगतं. तो दावा मी तिथेच सोडून दिला.

एक गोष्ट मात्र आधी करा. गाडीला भोक पाडण्यापूर्वी आरटीओत, विमा कंपनीत आणि गाडी घेतली तिथे विचारून घ्या. मूळ गाडीच्या रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने बंधनं आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याबद्दल कडक निकाल दिला आहे. कारखान्यातूनच सोंड लावून येणाऱ्या गाड्याही मिळतात, फोर्सची गुरखा आहे तशी. नवी गाडीच घ्यायची असेल तर ते सगळ्यात बिनघोर. आम्ही विचारपूस केली, कागदपत्र केले आणि मग नळी घेतली. नळी मी निवडली आणि ती बसवणारा कारागीर ह्यांनी निवडला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे!

नाशिक ते मनाली चार दिवस लागले. ते मी सांगत बसत नाही, हमरस्त्यांचं काय सांगायचं. वाटेत प्रत्येक पेट्रोल पंपावर कुणीतरी सोंडेची चौकशी करायचं आणि ह्यांची छाती फुगायची.

मनालीला गाडीचं तेलपाणी तपासायला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी सोंड पाहिली, विचारलं, "टेस्ट किया है?" आम्ही एकमेकांकडे बघतोय. त्यांनी गाडी नुसती सुरू ठेवायला सांगितली, रेस द्यायची नाही. स्टुलावर चढून सोंडेचं वरचं तोंड पेचकसाने सोडवून काढलं, पायातली रबरी चप्पल काढली, पुसली आणि नळीच्या भोकावर सपाट दाबून धरली. सोंड खरोखर इंजिनाचं नाक असेल तर नाक दाबल्यावर इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. आमचं इंजिन मजेत चालू! एक मिनिट झालं तरी चालू. मिस्त्री हसून म्हणाले, "बहनजी, यह तो दिखाने का है।"

मला तर हसावं की रडावं कळेना. बॉनेट उघडून पाहतो तर बाहेरून सोंड दिमाखात उभी, पण आत तिचं खालचं टोक फिल्टरच्या पेटीजवळ नुसतं टेकवलेलं. मधली रबरी नळी क्लिपांशिवाय, आणि पेटीचं जुनं तोंड तसंच उघडं. म्हणजे खोल पाण्यात गेलो असतो तर इंजिनाने खालूनच पाणी प्यायलं असतं आणि आम्ही वर सोंडेकडे पाहून निर्धास्त बसलो असतो. भोक पाडलेल्या पत्र्याच्या कडेला रंगसुद्धा लावला नव्हता. मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती, मिस्त्रींची चप्पल बोलली होती.

सबंध दिवस त्या दुरुस्तीत गेला. मिस्त्रींनी नवी रबरी नळी आणली, दोन्ही टोकांना स्टीलच्या क्लिपा आवळल्या, जुनं तोंड बंद केलं. पेटीच्या तळाशी पाणी गळायला भोक असतं, त्याला बूच मारलं. पत्र्याच्या कडेला गंजाचा रंग दिला. पुन्हा चप्पल लावली, आणि इंजिनाने दोन आचके देऊन मान टाकली. आमची मुलगी टाळ्या वाजवू लागली! मग मिस्त्रींनी गाडीखाली घालून आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली. चाकांच्या दांड्याला आणि गिअरच्या पेटीलाही श्वास घ्यायला छोट्या नळ्या असतात. गरम झालेला दांडा बर्फाच्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी आत ओढलं जातं, तेलाचं ताक होतं. त्या नळ्याही त्यांनी लांब करून बॉनेटमध्ये वर नेऊन बांधल्या. सोंड घ्यायला गेलो तेव्हा याबद्दल अवाक्षर कुणी काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला, तेव्हापासून रोहतांगचा घाट चढावा लागत नाही. नऊ किलोमीटरच्या बोगद्यात शिरलो ते हिरव्या देवदारांतून, आणि बाहेर पडलो लाहौलच्या उघड्याबोडक्या डोंगरांत. एका अंगणातून दुसऱ्या अंगणात यावं इतक्या पटकन जग बदलतं. खाली वाहते ती चंद्रा नदी. पुढे तांदीला तिला भागा मिळते आणि दोघींची मिळून चंद्रभागा होते, तीच चिनाब. आपल्याला चंद्रभागा म्हटलं की पंढरपूर आठवतं. मी मनातल्या मनात हात जोडले. नदी दुसरी असली तरी नाव तर तेच!

ग्राम्फूला काझाचा फाटा लागतो आणि तिथून रस्ता म्हणजे, रस्ता म्हणायचा आपला. गोट्यांवरून गाडी चालते, पोटातलं पाणी हलतं. वाटेत दरड साफ करणाऱ्या यंत्रामागे तीन तास गेले, मग चाक पंक्चर. छत्रू मागे टाकून मोठ्या नाल्यापाशी पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

इकडचे नाले आपल्या नाल्यांसारखे नाहीत. ते हिमनद्यांचं पाणी आणतात. सकाळी बर्फ गोठलेला, म्हणून पाणी थोडं. ऊन चढेल तसं बर्फ वितळतं आणि दुपारी नाला फुगतो, आकाशात ढगाचा तुकडाही नसताना. अशा नाल्यांना इकडचे लोक सरळ 'पागल नाला' म्हणतात. आमच्यासमोरचा नाला करड्या रंगाचा होता, तळ दिसत नव्हता. आवाजात आणखी एक आवाज होता, खडबड खडबड. मला वाटलं मागून गाडी येतेय. ट्रकवाले सरदारजी म्हणाले, तो पाण्याखालून गडगडत जाणाऱ्या दगडांचा आवाज. अलीकडच्या काठावर दोन ट्रक, एक बस आणि तीन-चार मोटारी थांबल्या होत्या. सरदारजी विडी... नव्हे, बडीशेप चघळत निवांत बसले होते. "सुबह आधा रह जाएगा," म्हणाले.

ह्यांनी गाडीचं दार उघडलं आणि म्हणाले, "बसा. आपल्याला थांबायची गरज नाही. आता तर सोंड पक्की झालीय."

मैत्रिणींनो, मला त्या क्षणी जी भीती वाटली ती पाण्याची नव्हती, त्या वाक्याची होती. नाशकात सोंड नव्हती तेव्हा हेच म्हणत होते की खोल पाण्यात गाडी घालणार नाही. मी थार गाडीचं माहितीपुस्तक वाचलं होतं. तिला पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांच्या जरा वर. ती साचलेल्या, शांत पाण्याची गोष्ट. वाहतं पाणी दोन फूट झालं की बहुतेक मोटारींना ते उचलूनच नेऊ शकतं. चाकांचा भार हलका होतो आणि गाडी होडी होते. सोंडेने इंजिनाचं नाक वर जातं. गाडीचं वजन वाढत नाही, दारं बंद होत नाहीत, तळाचे दगड स्थिर होत नाहीत.

मी गाडीत बसले नाही. म्हटलं, "अहो, सोंड सहा फुटांवर आहे, कबूल. पण आपली मुलगी मागच्या सीटवर किती फुटांवर बसते, ते एकदा मोजून सांगा."

हे काही बोलले नाहीत. लोकांसमोर बोलले याचा त्यांना राग आला असणार, आणि मलाही तसं बोलून बरं वाटलं नव्हतं. दहा मिनिटं ते एकटेच काठावर उभे राहिले. पाण्यात एक काळा खडक होता, त्याचा फक्त माथा दिसत होता, त्याकडे बघत. मग येऊन म्हणाले, "छत्रूला मागे जाऊ. तिथे तंबू दिसले होते."

रात्री तंबूत राजमा-चावल खाल्ला. थंडी अशी की तिघं एका रजईत. कुणी कुणाशी फारसं बोललं नाही, मुलगी तेवढी आकाशातल्या तारका मोजत होती. पहाटे हेच आधी उठले आणि माझ्यासाठी चहा घेऊन आले. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली, असा चहा मोजून चारदा मिळाला असेल!

सहाला नाल्यावर पोहोचलो. तो काळा खडक आता गुडघाभर बाहेर होता आणि अलीकडून पलीकडची चाकोरी दिसत होती. आधी सरदारजींचा ट्रक गेला. त्याच्या चाकाला पाणी कुठवर लागतं ते आम्ही पाहिलं. मग ह्यांनी फोर-व्हीलचा हळू गिअर टाकला, काचा खाली केल्या, आणि मध्ये गिअर न बदलता, न थांबता, बेताच्या वेगाने गाडी नेली. मध्येच एक चाक खोलात गेलं, मी वरचा दांडा घट्ट धरला, आणि पलीकडे! पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं असेल. सोंडेच्या तोंडाला थेंबही लागला नाही. मध्ये बंद पडली असती तर लगेच किल्ली फिरवायची नाही, एवढं मात्र मिस्त्रींनी बजावून ठेवलं होतं. आत पाणी गेलं असेल तर पुन्हा सुरू करण्यानेच दांडा वाकतो.

तुम्ही म्हणाल, मग बावीस हजार पाण्यातच गेले की! मलाही तसंच वाटत होतं, कुंझुम येईपर्यंत. बातलला चाचा-चाचीच्या प्रसिद्ध ढाब्यावर चहा घेतला, आणि तिथून चढ सुरू झाला. समोर तीन गाड्या आणि त्यांच्यामागे धुळीचा असा लोट, की जणू कुणी पिठाची गिरणी उघडी टाकलीय. काचा बंद करूनही दातांखाली कचकच. कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सहा दशांशही उरत नाही, पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही. माणसाला दोन पावलांवर धाप लागते. मुळात हवा विरळ, आणि तीही फिल्टरमध्ये धूळ भरून अडली, तर इंजिन काय करील? खिंडीत कुंझुम मातेचं देऊळ आहे. गाड्या त्याला प्रदक्षिणा घालून पुढे जातात, आम्हीही घातली. देवळातल्या दगडाला लोक नाणी चिकटवून पाहतात. ह्यांचं नाणं चिकटलं, माझं पडलं. मी काही मनावर घेतलं नाही.

लोसर, स्पितीतलं पहिलं गाव, मग हिरव्या मटारांची शेतं, आणि संध्याकाळी काझा. मुक्कामाच्या अंगणात पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं, त्यांचीही थार, त्याच वाटेने आलेली, फक्त बिनसोंडेची. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघा पुरुषांनी फिल्टर काढून उन्हात शेजारी शेजारी ठेवले. त्यांच्या फिल्टरच्या घड्याघड्यांत करडी भुकटी भरली होती. आपटल्यावर वर्तमानपत्रावर हा एवढा ढीग. आमच्याही फिल्टरमधून निघाली, नाही असं नाही, पण चिमूटभर. टपाजवळची हवा चाकाजवळच्या हवेपेक्षा स्वच्छ, एवढंच त्यातलं गुपित. ज्यासाठी घेतली ते काम सोंडेने केलंच नाही. जे काम रोज, तासन् तास होतं, ते मात्र निमूटपणे केलं. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नसतो बरं का, हलक्या हाताने झटकायचा. पुण्याच्या वहिनी धुवायला घेऊन निघाल्या होत्या, मी थांबवलं.

त्या वहिनींनी विचारलं, आम्हीही सोंड बसवावी का? मी विचारलं, तुम्ही कुठे हिंडता? तर वर्षातून एकदा कोकणात आणि एरवी कोथरूडमध्ये. मी म्हटलं, मग नका. त्या पैशांत इंजिनाच्या विम्याचं कलम घ्या, आणि पावसात रस्त्यावर पाणी तुंबलं की गाडी काठावर उभी करून चहा प्या. धुळीच्या वाटांनी दरवर्षी जात असाल तर घ्या, पण एकसंध घ्या आणि बसवून झाल्यावर तिथेच, त्या कारागिरासमोर, चप्पल लावून बघा.

आम्ही काझाला तीन दिवस राहिलो. की गोंपा पाहिला, ताबोचा ९९६ सालचा मठ पाहिला; मातीच्या भिंतींवरची चित्रं अजून डोळ्यांसमोर आहेत, त्यांच्यावर एकदा वेगळं लिहीन. कुंझुमवरून परत यायचा बेत होता. पण ह्यांनी आपणहून नकाशा उलगडला आणि किन्नौरच्या बाजूने, नाकोवरून सिमल्याला उतरू म्हणाले. लांब पडतं, पण ते मोठे नाले टळतात. मी काही न बोलता थर्मास भरायला गेले.